मजुराच्या दारातील मोटार

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारगाडी ही श्रीमंतांची चैन होती. अमेरिकेसारख्या देशातही ती बाळगणारा मनुष्य बहुधा कारखानदार, पेढीवाला किंवा नामांकित वकील असे. धुरळा उडवीत ती रस्त्याने येऊ लागली, की शेतकऱ्यांची घोडी बुजत, कोंबड्या सैरावैरा पळत आणि कडेला उभे असलेले लोक तिला शिव्याशाप देत. जो कामगार ही गाडी आपल्या हातांनी तयार करी, त्याच्या मनात ती आपण विकत घ्यावी असा विचारसुद्धा येणे शक्य नव्हते. पण त्यानंतर वीसपंचवीस वर्षांतच त्या देशातील कितीतरी मजूर स्वतःच्या गाडीतून कामावर जाऊ लागले. हा पालट घडवून आणण्यात ज्याच्या हट्टाचा वाटा सर्वांत मोठा होता, त्या हेन्री फोर्डचा हा जीवनवृत्तान्त आहे.

मिशिगन राज्यातील डेट्रॉईट शहराच्या पश्चिमेस काही मैलांवर डिअरबॉर्न हे गाव आहे. त्या गावाच्या परिसरातील एका शेतावर ३० जुलै १८६३ रोजी हेन्रीचा जन्म झाला. त्याचे वडील विल्यम फोर्ड हे आयर्लंडमधील भीषण दुष्काळाच्या काळात, १८४७ साली, आपल्या कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले होते. जंगल तोडून, जमीन साफ करून त्यांनी शेती वाढविली होती. थोरल्या मुलाने हीच शेती पुढे चालवावी अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु हेन्रीचे मन नांगरापेक्षा नांगराच्या खिळ्यात अधिक गुंतलेले असे. शेतावर श्रम फार होतात आणि त्या मानाने हाती थोडेच लागते, असे त्याला लहानपणापासून वाटत असे. हातात आलेले घड्याळ उघडावे, त्याची चक्रे सुटी करावी आणि ती पुन्हा होती तशी बसवावी, हा त्याचा आवडता उद्योग होता. खिळा घासून त्याने स्वतःपुरता पेचकस बनविला होता, असे सांगतात.

१८७६ हे वर्ष त्याच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्याची आई वारली. घरातील सारी व्यवस्था जिच्या हातांनी चालत असे तीच गेल्यामुळे ते घर त्याला परके वाटू लागले. त्याच वर्षी वडिलांबरोबर गाडीतून जात असताना त्याने रस्त्यावर एक वाफेचे यंत्र पाहिले. अशी यंत्रे मळणीसाठी किंवा लाकूड कापण्यासाठी घोडे जुंपून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर नेत असत. पण हे यंत्र घोड्यांवाचून आपले आपण चालत होते. हेन्रीने गाडीतून खाली उडी मारली आणि यंत्र चालविणाऱ्याला इतके प्रश्न विचारले, की वडिलांना बराच वेळ ताटकळत बसावे लागले. घोड्यावाचून चालणारी गाडी आपण पाहिली, ही गोष्ट तो पुढे कधीही विसरला नाही.

सोळाव्या वर्षी तो घर सोडून डेट्रॉईटला गेला आणि एका यंत्रशाळेत उमेदवार म्हणून राहिला. आठवड्याची मजुरी इतकी अपुरी होती, की तीत खाणावळीचाही खर्च भागत नसे. म्हणून दिवसभर कारखान्यात राबून रात्री तो एका जवाहिऱ्याकडे घड्याळे दुरुस्त करी. पुढे तो कोट्यधीश झाला तेव्हा त्याच्यापाशी सल्लागारांची वाण नव्हती. परंतु अपुऱ्या मजुरीवर दिवस काढणे म्हणजे काय, हे मात्र त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

तीन वर्षांनी तो गावी परतला. शेजारच्या शेतांवर वाफेची यंत्रे चालविणे आणि दुरुस्त करणे हे काम त्याने पत्करले. १८८८ साली क्लारा ब्रायंट या मुलीशी त्याचा विवाह झाला. मुलाने गावात स्थिर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला झाडी असलेली जमीन दिली. त्याने ती झाडे तोडून विकली, घर बांधले आणि झाडे संपत आली तेव्हा पुन्हा डेट्रॉईटचा रस्ता धरला. १८९१ साली एडिसनच्या नावाने चालणाऱ्या डेट्रॉईटमधील वीज कंपनीत तो यंत्रज्ञ म्हणून लागला आणि दोन वर्षांत मुख्य यंत्रज्ञ झाला. पगार चांगला होता. मनुष्याने एवढ्यावर संतुष्ट राहावे अशीच ती स्थिती होती. पण त्याचे रात्रीचे उद्योग थांबले नाहीत. १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याने आपले पहिले छोटे पेट्रोलचे यंत्र स्वयंपाकघरातील मोरीच्या कडेला बसवून चालवून पाहिले. मूल जेमतेम दीड महिन्याचे, घरात पाहुणे यायचे, आणि अशा वेळी क्लाराबाई त्या यंत्रात थेंबथेंब पेट्रोल सोडीत उभ्या होत्या. तिचा हा विश्वास नसता, तर हेन्रीच्या हातून काय झाले असते हे सांगणे कठीण आहे.

घरामागच्या शेडमध्ये त्याने जी पहिली गाडी तयार केली ती ४ जून १८९६ च्या पहाटे पुरी झाली. तिला सायकलीची चार चाके होती, बसण्यास एक बाक होता आणि मागे चालण्याची सोय मुळीच नव्हती. गाडी तयार झाल्यावर असे ध्यानात आले, की ती दारातून बाहेर निघत नाही. तेव्हा त्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा फोडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वीज कंपन्यांच्या एका संमेलनात थॉमस एडिसनशी त्याची भेट झाली. ज्याचे नाव साऱ्या जगात गाजत होते त्या संशोधकाने या अनोळखी यंत्रज्ञाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले आणि त्याला काम चालू ठेवण्यास सांगितले. दोघांची मैत्री एडिसनच्या मृत्यूपर्यंत टिकली.

१८९९ साली त्याने नोकरी सोडली. त्यानंतर काढलेली पहिली कंपनी दीड वर्षात बुडाली. दुसऱ्या कंपनीतून भागीदारांशी न पटल्यामुळे तो स्वतःच बाहेर पडला. मधल्या काळात शर्यतीच्या गाड्या बांधून त्याने नाव मिळविले आणि अखेर १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटार कंपनी स्थापन झाली. रोख भांडवल सुमारे २८,००० डॉलर होते आणि पहिली गाडी शिकागोच्या एका डॉक्टरने विकत घेतली, तोपर्यंत पेढीतील शिल्लक जवळजवळ संपत आली होती.

आता खरा वाद उपस्थित झाला. गाडी कोणासाठी करावयाची? कंपनीतील एका वजनदार भागीदाराचे मत असे होते, की धनिकांसाठी भारी गाडी करावी. एका गाडीमागे नफा मोठा मिळतो. त्याप्रमाणे सहा सिलिंडरांची एक मोठी गाडी काढलीही. तिची किंमत सुमारे अडीच हजार डॉलर होती आणि तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. फोर्डचे म्हणणे याच्या उलट होते. गाडी साधी, हलकी आणि मजबूत असावी. साऱ्या गाड्या एकसारख्या असाव्यात. आणि किंमत एवढी कमी असावी, की बऱ्यापैकी मजुरी मिळविणाऱ्याला ती घेता यावी. एका गाडीमागे थोडा नफा मिळाला तरी चालेल, गाड्या पुष्कळ खपल्या पाहिजेत. १९०६ साली तो भागीदार आपला हिस्सा विकून निघून गेला आणि कंपनीची सूत्रे फोर्डच्या हाती आली.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी नावाची गाडी बाजारात आली. तिचे यंत्र २० अश्वशक्तीचे होते. व्हॅनेडियम नावाची धातू मिसळलेल्या पोलादामुळे तिचे भाग हलके असूनही चिवट होते. त्या काळी अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते पावसाळ्यात चिखलाने आणि उन्हाळ्यात खड्ड्यांनी भरलेले असत, म्हणून गाडीचा तळ जमिनीपासून उंच ठेवला होता. दिसायला ती काही सुंदर नव्हती. पुढे दांडा घालून तो जोराने फिरविला म्हणजे यंत्र सुरू होई, आणि दांडा उलटा फिरला तर चालविणाराचा हात मोडण्याची भीती असे. पेट्रोलची टाकी बैठकीखाली असल्यामुळे मोठा चढ आला, की पेट्रोल यंत्रापर्यंत पोहोचत नसे. तेव्हा लोक गाडी वळवून उलटी चढावर नेत. पण बिघाड झाला तर तो कोणालाही समजे. पाना, हातोडा आणि थोडी तार एवढ्यावर शेतकरी आपल्या अंगणात ती दुरुस्त करी. गरिबाच्या वस्तूला हा गुण फार मोठा आहे. कारण विकत घेण्याइतकेच वस्तू चालू ठेवणे त्याला कठीण जाते.

तरीही पहिल्या वर्षी तिची किंमत ८५० डॉलर होती. त्या काळच्या कारखान्यातील मजुराला दिवसाला सव्वादोन डॉलरांच्या आसपास मिळत, हे ध्यानात घेतले म्हणजे एका गाडीसाठी त्याला वर्षभराहून अधिक काळाची सारी मजुरी बाजूला ठेवावी लागली असती, हे दिसून येईल. पोटाला चिमटा घेऊनही हे साधण्यासारखे नव्हते. किंमत उतरवावयाची तर गाडी तयार होण्यास लागणारा वेळ कमी झाला पाहिजे होता.

१९१० साली फोर्डने डेट्रॉईटजवळ हायलंड पार्क येथे नवा कारखाना सुरू केला. तेथे १९१३ साली त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. शिकागोच्या कत्तलखान्यांत टांगलेली जनावरे एका साखळीवरून पुढे सरकत आणि प्रत्येक खाटीक आपल्या जागी उभा राहून एकेक भाग कापून काढी. तेथे जे सुटे करण्यासाठी होत होते, ते येथे जोडण्यासाठी का करू नये, असा तो विचार होता. प्रथम ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटो या यंत्राची जुळणी त्या पद्धतीने केली. एक कामगार एकट्याने ते यंत्र सुमारे २० मिनिटांत जुळवीत असे. तेच काम २९ जणांत वाटून दिले तेव्हा प्रत्येक यंत्रामागे १३ मिनिटे लागली. पट्ट्याची उंची आणि वेग नीट बसविल्यावर ती पाचावर आली. मग साऱ्या गाडीच्या सांगाड्यालाच ही रीत लावली. पूर्वी एक सांगाडा जुळविण्यास साडेबारा तास लागत. १९१४ च्या वसंत ऋतूत तो ९३ मिनिटांत तयार होऊ लागला.

माल वाढला, परंतु माणसे पळू लागली. मुलांनो, या कामाचे स्वरूप नीट समजून घ्या. जो कारागीर पूर्वी सबंध यंत्र आपल्या हाताने जुळवी, त्याच्या वाट्याला आता एक बोल्ट बसविणे एवढेच आले. दुसऱ्याने त्यावर चाकी घालावयाची, तिसऱ्याने ती आवळावयाची. दिवसाचे नऊ तास तीच हालचाल हजारदा करावयाची, आणि तीही पट्टा नेईल त्या वेगाने. हे काम कंटाळवाणे आणि शिणविणारे होते. १९१३ साली कारखान्यात एका जागेवर एक माणूस टिकविण्यासाठी वर्षभरात तीनचार माणसे घ्यावी लागत. आज आलेला मजूर उद्या दुसरीकडे, परवा तिसरीकडे, अशी त्याचीही फरफट होई. त्याला घर भाड्याने घेता येत नसे, मुलांना एका शाळेत ठेवता येत नसे आणि शिल्लक तर पडतच नसे.

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड आणि त्याचा व्यवहारकुशल भागीदार जेम्स कझन्स यांनी वार्ताहरांना बोलावून जाहीर केले, की यापुढे कारखान्यात दिवस आठ तासांचा राहील आणि त्याबद्दल पाच डॉलर मिळतील. मजुरी एका दिवसात दुपटीहून अधिक झाली होती. इतर कारखानदारांना हे वेड वाटले. कित्येकांना ते समाजाची घडी विस्कटणारे वाटले. दुसऱ्याच दिवशी पहाटेपासून कारखान्याच्या फाटकाशी कामासाठी हजारो माणसे जमली. गोठविणारी थंडी होती. दूरदूरच्या गावांहून माणसे येतच राहिली, आणि आठवड्याभरात दाटी इतकी वाढली, की तिला आवरण्यासाठी एके दिवशी पाण्याचे नळ सोडण्यात आले. पाच डॉलरांच्या आशेने आलेली ती माणसे ओलेत्या कपड्यांनी, कुडकुडत परत गेली.

ज्यांना काम मिळाले त्यांनाही ही मजुरी विनाअट नव्हती. पाचांपैकी सुमारे अर्धी रक्कम नफ्यातील वाटा म्हणून असे, आणि तो कोणाला द्यावयाचा हे ठरविण्यासाठी कारखान्याने एक स्वतंत्र खाते उघडले होते. त्या खात्याचे तपासनीस मजुराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे की नाही, मजूर दारू पितो काय, पेढीत पैसे शिल्लक टाकतो काय, घरात भाडेकरूंची गर्दी आहे काय, बायकोशी त्याची वागणूक कशी आहे, हे सारे ते लिहून घेत. परदेशांतून आलेल्या मजुरांना कारखान्याच्या शाळेत इंग्रजी शिकावे लागे. स्त्री कामगारांना तर प्रारंभी या वाढीतून वगळलेच होते. त्यांचा समावेश १९१६ साली झाला. मजुराच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा मालकाला काय अधिकार, असा प्रश्न त्या वेळीही पुष्कळांनी विचारला. तो रास्तच होता. हे खाते काही वर्षांनी बंद पडले.

असे असले तरी पाच डॉलरांचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. माणसे कामावर टिकू लागली. सोडून जाणाऱ्यांची संख्या वर्षभरातच अगदी रोडावली. मजुरांनी हप्त्यांवर लहान घरे घेतली. पेढीत खाती उघडली. आणि कंपनीचा नफा घटेल ही भविष्यवाणी खोटी ठरून तो दोन वर्षांत दुप्पट झाला. फोर्डने हे केवळ दयाबुद्धीने केले असे समजण्याचे कारण नाही. नवे माणूस शिकविण्यात जो पैसा जाई तो वाचला, हा रोकडा हिशेब त्यामागे होताच.

इकडे गाडीची किंमत दरवर्षी उतरत होती. १९१४ साली फोर्डने जाहीर केले, की वर्षभरात तीन लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक गिऱ्हाइकाला काही रक्कम परत मिळेल. गाड्या तीन लाखांवर खपल्या आणि प्रत्येकाला ५० डॉलर परत मिळाले. १९१६ साली मोठी गाडी ३६० डॉलरांना मिळू लागली. दिवसाला पाच डॉलर मिळविणाऱ्याची ती ७२ दिवसांची मजुरी होती. १९२५ साली दोघांच्या बैठकीची लहान गाडी २६० डॉलरांपर्यंत खाली आली. तोपर्यंत कारखान्यातील रोज सहा डॉलर झाला होता. वर्षभराच्या मजुरीची वस्तू पंचेचाळीस दिवसांच्या आत आली. भागधारकांना मात्र हा प्रकार मानवला नाही. नफा वाटून न देता तो कारखाने वाढविण्यात आणि किंमती उतरविण्यात घालविला जातो, म्हणून डॉज बंधूंनी त्याच्यावर फिर्याद केली. १९१९ साली निकाल फोर्डच्या विरुद्ध गेला आणि त्याला एक कोटी नव्वद लाख डॉलरांहून अधिक रक्कम भागधारकांना द्यावी लागली. त्याने मग सर्वांचे भाग विकत घेऊन टाकले.

ज्यांना नवी गाडी एकदम घेता येत नसे त्यांच्यासाठी १९२३ साली अशी योजना निघाली, की आठवड्याला पाच डॉलर भरावेत आणि किंमत पुरी झाली म्हणजे गाडी घेऊन जावी. ही योजना फारशी चालली नाही. कारण प्रतिस्पर्धी कंपन्या गाडी आधी देत आणि हप्ते मागाहून घेत. परंतु खऱ्या गरिबाच्या दारात गाडी आली ती बहुधा जुन्या बाजारातून. मॉडेल टी इतक्या झाल्या होत्या, की वापरलेली गाडी थोडक्या डॉलरांत मिळून जाई.

या गाडीने कष्टकऱ्यांचे जीवन कसे बदलले हे पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याला बाजाराचे गाव दहा मैलांवर असले, की घोडागाडीने जाण्यायेण्यात सारा दिवस मोडे. आता दूधलोणी आणि अंडी घेऊन सकाळी जावे आणि दुपारच्या कामाला परत यावे असे झाले. घरात कोणी आजारी पडले तर वैद्याला वेळेवर आणता येऊ लागले. गाडी उभी असली तरी तिला विश्रांती नसे. मागचे चाक उचलून धरावे, त्यावर पट्टा चढवावा आणि त्याच यंत्रावर करवत चालवावी, पाणी उपसावे किंवा मक्याचे दाणे काढावेत, अशा युक्त्या शेतकऱ्यांनीच शोधून काढल्या.

शहरातील मजुराची गोष्ट थोडी निराळी होती. पूर्वी त्याला कारखान्याच्या जवळ, पायी जाता येईल इतक्या अंतरावर किंवा ट्रामच्या रस्त्यावर राहावे लागे. अशा ठिकाणी भाडे जबर असे आणि खोल्या कोंदट असत. पाळी बदलण्याच्या वेळी ट्रामला लोंबकळणारी गर्दी होई. ती चुकली तर हजेरी चुके आणि दोनचारदा हजेरी चुकली तर कामही जाई. त्यातून कारखाना बंद पडला, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेले काम असून नसल्यासारखेच. गाडी आल्यावर मजूर गावाबाहेर स्वस्त जागेत राहू लागला, तेथे परसात भाजीपाला लावू लागला आणि दहापंधरा मैलांच्या आतील कोणत्याही कारखान्यात काम शोधू लागला. एका मालकाच्या फाटकाशी त्याचे दैव बांधलेले राहिले नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना आगगाडीत आणि ट्राममध्ये वेगळे बसावे लागे. त्यांच्यापैकी ज्याला जुनी फोर्ड घेता आली, त्याला निदान वाटेवरचा तो अपमान टाळता आला.

परंतु मजुरी आणि गाडी यांनी आलेले हे स्थैर्य किती नाजूक होते, हेही लवकरच दिसून आले. लोकांना आता अधिक आरामशीर, रंगीत आणि दांडा न फिरविता सुरू होणाऱ्या गाड्या हव्या होत्या. फोर्ड आपल्या जुन्या गाडीला चिकटून राहिला. मुलगा एड्सेल याने व इतरांनी सांगूनही तो ऐकेना. अखेर १९२७ च्या मे महिन्यात, दीड कोटी गाड्या तयार झाल्यावर, मॉडेल टी बंद करावी लागली. नव्या गाडीची यंत्रसामग्री बसेपर्यंत कारखाने कित्येक महिने बंद राहिले आणि हजारो मजूर बेकार झाले. घराचे हप्ते थकले. १९२९ साली महामंदीला आरंभ झाला तेव्हा फोर्डने रोज सात डॉलरांवर नेला खरा, पण १९३२ पर्यंत तो चारावर उतरला आणि असंख्य मजुरांना घरी बसविण्यात आले. त्या वर्षी ७ मार्च रोजी कडाक्याच्या थंडीत काही हजार बेकार मजूर डेट्रॉईटहून फोर्डच्या डिअरबॉर्नमधील कारखान्यावर काम आणि मदत मागण्यासाठी चालत गेले. पोलिसांनी आणि कारखान्याच्या रक्षकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चौघे तेथेच ठार झाले आणि पाचवा मागाहून वारला.

हा तोच फोर्ड होता. कामगारांच्या संघटनेचा त्याला अतोनात तिटकारा होता. मजुराचे हित आपल्याला समजते, त्यासाठी त्याने एकत्र जमण्याचे कारण नाही, असे त्याला वाटे. १९३७ साली कारखान्याच्या पुलावर पत्रके वाटण्यास आलेल्या संघटनेच्या माणसांना त्याच्या रक्षकांनी बेदम मारले. १९४१ साली मोठा संप झाला, तेव्हा कुठे त्याने संघटनेशी करार केला. आपल्या मालकीच्या एका साप्ताहिकातून त्याने यहुदी लोकांविरुद्ध द्वेषाचा प्रचारही वर्षानुवर्षे चालविला होता आणि १९२७ साली त्याबद्दल त्याला जाहीर क्षमा मागावी लागली. यंत्राविषयी इतकी अचूक दृष्टी असलेल्या माणसाला माणसांविषयी अशी आंधळी मते कशी बाळगता आली, याचे आश्चर्य वाटते.

त्याच्या उत्तरायुष्यात आपल्या देशाशी संबंध असलेली एक घटना घडली. १९४१ साली त्याने महात्मा गांधींना आदर व्यक्त करणारे एक पत्र पाठविले. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहणाऱ्या गांधीजींनी उत्तरादाखल त्याला आपल्या स्वाक्षरीचा एक चरखा भेट दिला. तो समुद्र ओलांडून १९४२ च्या अखेरीस फोर्डच्या हाती पोहोचला. जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एकाच्या धन्याने तो लाकडी चरखा जपून ठेवला, आणि त्याने स्थापन केलेल्या डिअरबॉर्नच्या संग्रहालयात तो आला.

१९४३ साली एड्सेल वारला. ऐंशीच्या घरात आलेल्या हेन्रीला पुन्हा कारभार हाती घ्यावा लागला. पण शरीर आणि स्मृती दोन्ही साथ देत नव्हती. दोन वर्षांनी त्याने तो आपल्या नातवाच्या स्वाधीन केला. १९४७ च्या एप्रिल महिन्यात डिअरबॉर्नजवळून वाहणाऱ्या रूझ नदीला पूर आला आणि त्याच्या घरातील वीजनिर्मितीचे यंत्र बंद पडले. ७ एप्रिलच्या दिवशी तो पूर पाहण्यासाठी गाडीतून बाहेर फिरून आला. रात्री घरात तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या उजेडात, क्लाराबाई उशाशी असताना, ८३ वर्षांच्या हेन्री फोर्डने प्राण सोडला. त्याच्या अंत्यदर्शनासाठी डिअरबॉर्नमध्ये माणसांची लांबच लांब रांग लागली होती आणि त्यांतील पुष्कळजण आपापल्या गाड्या दूर उभ्या करून चालत आलेले कामगार होते.